यंत्र रुग्णाच्या हाती, अर्थ कोणाच्या हाती?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले भाषण)



१ मे २०२१ रोजी अठरा ते चव्वेचाळीस या वयोगटासाठी करोनाप्रतिबंधक लसीकरण खुले झाले. लस हवी असेल तर 'को-विन' संकेतस्थळावर आधी नाव नोंदवून वेळ मिळवणे सक्तीचे होते. संकेतस्थळाची भाषा तेव्हा इंग्रजी होती. मोबाइलवर आलेला परवलीचा आकडा ठरावीक वेळात भरायचा, पिनकोड टाकायचा आणि क्षणार्धात संपणाऱ्या जागांपैकी एक मिळवायची, अशी ती शर्यत होती. परिणाम असा झाला की, शहरांतील तरुण मोटारी काढून खेड्यांतील आरोग्य केंद्रांवर पोहोचले आणि त्याच गावातील शेतमजूर नोंदणीअभावी मागे राहिला. मे महिन्याच्या अखेरीस सरकारी केंद्रांवर जागच्या जागी नोंदणीची मुभा मिळाली. ३१ मेच्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने या डिजिटल विषमतेवर नेमके बोट ठेवले. जूनमध्ये संकेतस्थळ मराठीसह अनेक भारतीय भाषांत आले. म्हणजे सुधारणा अशक्य नव्हती; ती आधी कोणाला सुचली नाही, एवढेच. न सुचण्याचे कारण उघड आहे. ज्याच्यासाठी यंत्रणा उभारायची, तो माणूस ती आखताना कोणाच्याच डोळ्यांसमोर नव्हता.

रुग्णांना 'डिजिटल आरोग्य-साक्षर' करण्याच्या आजच्या चर्चेकडे या अनुभवातून पाहिले पाहिजे. कॅमेरॉन नॉर्मन आणि हार्वे स्किनर या अभ्यासकांनी २००६ साली या संकल्पनेची मांडणी केली, तेव्हा तिच्यात सहा क्षमता गुंफल्या होत्या: लिहितावाचता येणे, आरोग्याचे ज्ञान असणे, माहिती शोधता येणे, माध्यमांची पारख असणे, विज्ञानाची रीत उमगणे आणि संगणक हाताळता येणे. आपल्याकडे मात्र साक्षरता म्हणजे शेवटची क्षमता, किंबहुना बटण दाबण्याचे कसब, एवढाच अर्थ उरला आहे. ज्याला मोबाइल सफाईने वापरता येतो, तोच मधुमेह मुळापासून घालवणाऱ्या काढ्याचा संदेश शंभर जणांना पाठवतो आणि स्वतःच्या गोळ्या बंद करतो. त्याला यंत्र येते. पारख येत नाही.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने या प्रश्नाचे मूळ जुने आहे. वैद्यकीय सेवेचा बाजार इतर बाजारांसारखा नसतो, हे केनेथ अॅरो यांनी १९६३ मध्येच दाखवून दिले होते. विकणाऱ्याला सारे ठाऊक असते, घेणाऱ्याला फारच थोडे. आणि घेणारा वेदनेने हतबल झालेला असतो. या अज्ञानाची किंमत रोकड मोजावी लागते. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्येही देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के भार लोकांनी थेट स्वतःच्या खिशातून उचलला. माहितीची ही विषमता तंत्रज्ञान कमी करू शकते, यात शंका नाही. औषध मूल्य नियामक प्राधिकरणाच्या 'फार्मा सही दाम' या सुविधेवर औषधाची कमाल किंमत पाहता येते. १ ऑगस्ट २०२३ पासून खपातील तीनशे प्रमुख औषधांच्या वेष्टनांवर संकेतचिन्ह छापणे बंधनकारक झाले. ते मोबाइलने टिपले की औषधाचे मूळ नाव, उत्पादक आणि मुदत कळते. ही साधने कष्टकऱ्याच्या उपयोगाची आहेत. म्हणून यंत्राला सरसकट विरोध करणे ही त्याची सेवा नव्हे.

परंतु ही साधने कोणाच्या हाती पोहोचतात? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या पुरुषांचे प्रमाण ५७ टक्के, तर स्त्रियांचे अवघे ३३ टक्के होते. स्वतःच्या वापराचा मोबाइल असलेल्या स्त्रिया ५४ टक्के होत्या. ज्या घरात फोन एकच आणि तोही नवऱ्याच्या खिशात, त्या घरातील गरोदर स्त्रीला ॲप कितीही सुबक केले तरी काय उपयोग? या दृष्टीने 'किलकारी' योजना अभ्यासण्याजोगी आहे. २०१६ पासून केंद्र सरकारने ती हाती घेतली. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून मूल वर्षाचे होईपर्यंत आठवड्याला एक, असे बहात्तर ध्वनिसंदेश साध्या फोनवर विनामूल्य येतात. अक्षरओळख लागत नाही, इंटरनेट लागत नाही. येथे यंत्र माणसाच्या पातळीवर उतरले आहे. फोन कोणाच्या खिशात, हा प्रश्न तेवढा तिलाही सोडवता आलेला नाही. तो घरातील सत्तेचा प्रश्न आहे.

तो प्रश्न माणसेच सोडवू शकतात. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केले. पुढे त्यांनी गावोगावच्या, बहुतांशी निरक्षर स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडवले. ज्ञान पदवीधरांच्या हातून निसटून गावाच्या बोलीत उतरले, हे त्या प्रयोगाचे मर्म. आज ते काम आशा सेविका करू शकतात. पण आशाच्या हातातील मोबाइल प्रामुख्याने वरच्या कार्यालयाला आकडे पुरवण्यासाठी राबतो. तोच रुग्णाला समजावण्यासाठी राबावा आणि त्या श्रमाचे रीतसर वेतन मिळावे, ही मागणी आरोग्य-साक्षरतेचीच मागणी आहे.

आणखी एका गोष्टीचे भान हवे. २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये रुग्णाला चौदा आकडी 'आभा' क्रमांक मिळतो. तो ऐच्छिक आहे आणि नोंदी संमतीविना कोणाला दाखवायच्या नाहीत, असा नियम आहे. पण तापाने फणफणलेल्या मुलाला कडेवर घेऊन रांगेत उभ्या असलेल्या आईला संमतीचा अर्थ समजावतो कोण? न समजता दिलेली संमती ही संमतीच नव्हे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संगणकयंत्रणेवर हल्ला झाला आणि कित्येक दिवस तेथील कारभार कागदावर चालवावा लागला. तेव्हा आपली नोंद कोठे जाते आणि नकार कसा द्यायचा, हे कळणे हाही साक्षरतेचा पहिला धडा आहे.

कार्यकर्त्यांना यातून दोन कामे निघतात. पहिले वस्तीतले. आठवड्यातून एक संध्याकाळ औषधांच्या रिकाम्या पाकिटांसह लोकांना बसवावे. मूळ नाव वाचावे, किंमत पडताळावी, आलेला संदेश खरा की खोटा ते कसे तपासायचे ते दाखवावे, आणि फोन बाईच्या हातात द्यावा. दुसरे काम संघर्षाचे. आरोग्यसेवेच्या प्रत्येक डिजिटल दाराशेजारी माणूस बसलेले एक दार कायम उघडे असलेच पाहिजे, हा आग्रह प्रत्येक ग्रामसभेत आणि प्रत्येक रुग्णालयाच्या समितीत धरावा. रुग्णाला शिकवणे आवश्यक आहेच. पण तो शिकेपर्यंत त्याचे औषध अडवून ठेवण्याचा अधिकार कोणत्याही यंत्राला नाही.