मुलीचे नाव : गोदा की जना?

बारसे दोन दिवसांवर आले की घरात एक गोड भांडण सुरू होते. आजी म्हणते, "गोदावरी ठेवा." आजोबा पंढरीचे वारकरी, ते म्हणतात, "जना ठेवा." आणि बाळंतीण हळूच म्हणते, "शाळेत पोरं हसतील हो तिला."

आधी आजीचे ऐकू. आपल्या परभणीकडे जुनी माणसे गोदावरीला गंगाच म्हणतात. गंगाखेड या गावाचे नावच पाहा ना! तेव्हा आपल्याकडच्या गंगाबाई आणि गोदाबाई बहुतेक एकाच नदीच्या लेकी. १९४५ साली ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांच्या लढ्यात गोदावरी परुळेकर उभ्या राहिल्या, तेव्हा आदिवासींनी त्यांना 'गोदाराणी' केले. जुनाट म्हणतात ते नाव हेच बरं का.

आता जना. जनाबाई मूळच्या गंगाखेडच्या. लहानपणीच पंढरपूरला नामदेवांच्या घरी कामाला राहिल्या. दळण, कांडण, शेणी वेचणे हे त्यांचे आयुष्य. म्हणून काही जण कुरकुरतात, "दासीचं नाव कशाला पोरीला?" मला हे मुळीच पटत नाही. दळणाऱ्या बाईचे अभंग सातशे वर्षे लोकांच्या तोंडी राहिले. त्या काळच्या एका तरी सावकाराचे नाव आपल्याला सांगता येईल काय? शिवाय "माझं नाव कुणाचं?" असे लेकीने विचारले, तर तिला गंगाखेडला नेऊन जनाबाईंचे देऊळ दाखवता येते. शहरात हल्ली सई, रमा, राधा ही जुनी नावे हौसेने ठेवतात. जना मात्र अजून पाळण्याबाहेरच!

पण जुने ते सगळे सोने नव्हे. मुलगा हवा असताना पुन्हा मुलगी झाली, म्हणून तिला 'नकोशी' म्हणत. सातारा जिल्ह्यात २०११ साली अशा २८५ मुलींची नावे समारंभाने बदलली. तसले नाव पणजीचे असले तरी पुढे चालवू नये. धोंडी, दगडी यांची गोष्ट वेगळी. आधीची मुले दगावली, आता हिला तरी दृष्ट लागू नये, या धास्तीने ती नावे ठेवीत. जालना जिल्ह्यातल्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके हैदराबादच्या मुक्तिलढ्यात रझाकारांशी झुंजल्या. त्यांच्या नावाला हसायची कोणाची छाती आहे?

राहिली बाळंतिणीची धास्ती. तिचे उत्तर गुरुजींच्या आणि बाईंच्या हातात आहे. हजेरी घेताना 'जना' हा शब्द त्यांनी कसा उच्चारला, यावर वर्ग हसणार की नाही ते ठरते. पहिल्याच दिवशी जनाबाईंची गोष्ट सांगावी; पोरे दुसऱ्या दिवशी विसरून खेळायला लागतात.

एक व्यवहाराची गोष्ट. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. नाव ठरले नसेल तर ते वर्षभरात विनाशुल्क घालता येते, म्हणून घाई नको. जना की जनाबाई, गोदा की गोदावरी, हे मात्र एकदाच ठरवा आणि सगळ्या कागदांवर तेच लिहा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आपल्या राज्यात मुलाच्या नावापुढे आधी आईचे नाव येते, मग वडिलांचे. तेव्हा लेकीचे आणि आईचे नाव एका दमात मोठ्याने म्हणून पाहा, आणि अडलेच तर शेवटचा शब्द बाळंतिणीचा असू द्या.