तापीकाठचे बऱ्हाणपूर: पाणी, केळी आणि माग

मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूर जिल्ह्याचे सारे अर्थकारण जमिनीखालच्या पाण्यावर उभे आहे. उत्तरेला असीरगडची डोंगररांग, आग्नेयेला मेळघाटाकडे चढत जाणारे डोंगर आणि मधून पश्चिमेला वाहणारी तापी, अशी इथली रचना. पाऊस चार महिन्यांचा. पण सातपुड्याच्या पायथ्याशी वाळू-गोट्यांचा जाड थर आहे. डोंगरावरून उतरणारे पाणी त्यात मुरते आणि जमिनीखालून हळूहळू तापीकडे सरकते.

हे पाणी ओळखून 1615 च्या सुमारास, मोगल सरदार अब्दुर्रहीम खानखाना यांच्या काळात, इराणी जाणकाराच्या देखरेखीखाली कुंडी भंडारा बांधला गेला. पायथ्याकडून शहराकडे भूमिगत बोगदा खणला आणि त्यावर ठरावीक अंतराने विहिरीसारख्या कुंड्या उघड्या ठेवल्या. मोट नाही, रहाट नाही. केवळ उताराच्या बळावर पाणी शहरात पोहोचे. सुमारे ऐंशी फूट खाली उतरले की अरुंद बोगद्यात नितळ पाण्याची धार दिसते आणि भिंतींवर साचलेला चुन्याचा पांढरा थर हाताला लागतो. मोगलांची दक्षिणेतली छावणी आणि कापडाची पेठ याच पाण्यावर जगली.

बऱ्हाणपूर 2003 मध्ये खंडव्यापासून वेगळे होऊन जिल्हा झाले. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या साडेसात लाखांच्या वर होती. शहरात उर्दू आणि हिंदी, खेड्यांत निमाडी, डोंगरात कोरकू आणि बारेली, तर शहापूर-इच्छापूरच्या बाजूला मराठी घरोघर ऐकू येते. सोयरिकी महाराष्ट्रातल्या रावेर-मुक्ताईनगरशी जुळतात. राज्याची हद्द मधे आली, पण शेतीची रीत दोन्हीकडे एकच राहिली.

त्या रीतीचा कणा म्हणजे केळी. वीस हजार हेक्टरांहून अधिक जमीन या एका पिकाखाली आहे. पावसाच्या तोंडावर लावतात ती मृगबाग, पावसाळा सरल्यावर लावतात ती कांदेबाग. पूर्वी कंद लावत. आता ऊतिसंवर्धित ग्रँड नैन जातीची रोपे आणि ठिबक सर्रास दिसते. साधारण वर्षभरात घड कापणीला येतो. मजूर पहाटे बागेत शिरतात. एक जण कोयत्याने दांडा तोडतो, दुसरा घड खांद्यावर झेलतो. घड खाली टेकू द्यायचा नाही, कारण डाग पडला की भाव उतरतो. बाजार समितीत रोज लिलाव होतो आणि त्या भावाकडे रावेर-यावलच्या शेतकऱ्यांचेही डोळे लागलेले असतात. तिथून ट्रक दिल्ली-पंजाबपर्यंत जातात. थोडी केळी चिप्ससाठी राहतात; खोडाच्या धाग्याचा उद्योगही आता मूळ धरतो आहे.

मात्र केळी हे धोक्याचे पीक आहे. मे महिन्यातली लू पाने होरपळवते, वळवाचे वादळ घडासकट बाग आडवी करते, काकडी मोझॅक विषाणू कोवळ्या रोपांवरच घाला घालतो. शेजारच्या जळगावात केळीला फळपीक विमा आहे; तसाच विमा मिळावा ही इथल्या शेतकऱ्यांची रास्त मागणी आहे. आणि सर्वांत मोठी काळजी पाण्याची. नलिकाविहिरी खोल जात आहेत आणि ठिबक आले तरी बागा वाढतच आहेत. तापी खोऱ्यात पुराचे पाणी पायथ्याच्या थरात मुरवण्याच्या महापुनर्भरण योजनेसाठी मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांनी मे 2025 मध्ये करार केला. कुंडी भंडाऱ्याने ज्या थरातून पाणी घेतले, त्याच जातीच्या थराला ते परत देण्याची ही कल्पना आहे. कापूस, ऊस, हळद, मका आणि सोयाबीन हीही इथली पिके, पण गावाची पत केळीवरच ठरते.

शहराची पत मागावर. सतराव्या शतकात फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये याने इथले तलम कापड इराण-तुर्कस्तानपर्यंत जात असल्याची नोंद केली. आज मोमीन-अन्सारी वस्त्यांत यंत्रमागांची खडखड रात्रंदिवस चालते. व्यापारी सूत देतो, विणकर कापड विणून परत करतो आणि मीटरवर मजुरी घेतो. सुताचा भाव चढला किंवा वीज गेली की पहिला फटका विणकराला बसतो. 1906 ची ताप्ती मिल 2020 च्या टाळेबंदीपासून बंद आहे. तिथल्या कामगारांचे हाल शहराने डोळ्यांदेखत पाहिले.

उरला डोंगर. जिल्ह्याचा जवळजवळ निम्मा भाग वनाखाली आहे: साग, सालई, बांबू, मोह. सालई आणि बांबूच्या भरवशावर नेपानगरला देशातला पहिला वृत्तपत्री कागदाचा कारखाना उभा राहिला. 1956 मध्ये पंडित नेहरूंनी तो देशाला अर्पण केला. मधली काही वर्षे बंद राहून 2022 मध्ये तो पुन्हा सुरू झाला, आता रद्दीच्या लगद्यावर. कोरकू, भिलाला, बारेला कुटुंबे मोह आणि डिंक वेचतात, कोरडवाहू मका पिकवतात आणि हंगामात केळीच्या कापणीला उतरतात. 2006 च्या वनहक्क कायद्याखालचे त्यांचे दावे अनेक ठिकाणी अडकून पडले आहेत. दुसरीकडे नेपानगरच्या जंगलात अतिक्रमणासाठी मोठी वृक्षतोड झाली. तोडलेल्या उतारावरचे पाणी मुरण्याआधीच माती घेऊन नाल्याला लागते, आणि त्याची तूट खालच्या केळीच्या विहिरीत दिसते.