शोभा आणि उपयोग
(महोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवानिमित्त आपल्या मंदिराच्या आवाराला नवें रूप द्यावें, अशी आपणां सर्वांची इच्छा आहे. कोणी म्हणतात, सर्वत्र फरशी बसवावी. कोणी म्हणतात, हिरवळ लावावी. वडीलधाऱ्या मंडळीस पूर्वीसारखे भाजीचे वाफे हवे आहेत. शिवाय मागील बावखल बुजवून तेथें गाड्यांची सोय करावी, अशीही एक सूचना आहे. एकाला स्वच्छता हवी, दुसऱ्याला शोभा, तिसऱ्याला उपयोग. यांपैकीं कोणाचीही इच्छा गैर नाहीं. परंतु आरंभ कोठून करावा, हें आधीं ठरलें पाहिजे.

प्रथम माझीच एक चूक कबूल करतों. पूर्वीच्या एका धर्मग्रामांत मीं मोठ्या हौसेनें हिरवळ लावविली. पावसाळ्यांत तेथें पाणी तुंबलें. उन्हाळ्यांत विहिरीचें पाणी तिला पुरेना. आणि लोक विहिरीकडे जाण्यास तिच्यावरूनच तिरपे जाऊं लागले. मीं पाटी लाविली, तार ओढली. दोन वर्षांत हिरवळ गेली, वाट मात्र राहिली! दोष लोकांचा नव्हता. जमीन, पाणी आणि माणसांचे पाय यांना न विचारतां मीं कागदावर बाग आंखली होती.

म्हणून बाग लावण्यापूर्वीं जागा नीट पाहावी. आपल्या वसईंत चार महिने पाऊस कोसळतो आणि आठ महिने त्याचीच वाट पाहावी लागते. पागोळ्यांचें पाणी कोठून वाहतें व कोठें सांचतें, हें एक पावसाळाभर टिपून ठेवावें. हिवाळ्यांत सूर्य दक्षिणेकडे कलतो. त्यामुळें इमारतीच्या उत्तरेस सावली राहते. तेथें मिरची धरणार नाहीं, अळू मात्र वाढेल. हातपाय धुण्याच्या नळाचें पाणी केळींना द्यावें. दोन माडांत पंचवीस फूट अंतर असावें, आणि वाटेवर माड मुळींच नको. पडणारा नारळ माणूस पाहून पडत नाहीं.

शोभा आणि उपयोग यांच्या वेगळ्या बागा असाव्यात, असेंही नाहीं. स्वित्झर्लंडमधील सेंट गॉल येथील ग्रंथालयांत इ. स. ८२० च्या सुमारास काढलेला एका मठाचा आराखडा जपून ठेविला आहे. त्यांत भाजीचे १८ वाफे आणि औषधी वनस्पतींचे १६ वाफे दाखविले आहेत. या औषधी वाफ्यांतच मेथी, पुदिना व जिरें यांच्या सोबतीस गुलाब आणि लिलीही आहेत. दफनभूमींत थडग्यांच्या मधून फळझाडें लाविलेलीं आहेत. असीसीचे संत फ्रान्सिस यांनीं तर मठाच्या बागेचा कांहीं भाग रानफुलांसाठीं तसाच सोडावयास सांगितलें होतें; पोप फ्रान्सिस यांनीं २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या पत्रांत त्याचें स्मरण करून दिलें आहे.

तेव्हां माझी योजना अशी. जेथें पाय पडतात तेथेंच फरशी बसवावी, आणि तिच्या सांध्यांतून पाणी मुरूं द्यावें. वाटेच्या कडेला सोनचाफा, मोगरा व अबोली असावी. वेदीवरील फुलें विकत आणावीं लागणार नाहींत. स्वयंपाकघराजवळ कढीलिंब, गवती चहा व भाजी असावी. एक कोपरा पांखरांना व फुलपांखरांना सोडावा.

राहिलें बावखल. पावसाचें पाणी सांठवून तें जमिनींत मुरविणारा हा खड्डा आपल्या पूर्वजांनीं खणला, म्हणून वाड्या पिकल्या आणि विहिरींचें पाणी गोड राहिलें. समुद्र जवळ आहे. गोडें पाणी मुरावयाचें थांबलें, कीं खारें पाणी आंत शिरतें. २०१८ च्या जुलैंत वसई पाण्याखालीं गेली, तें आपण विसरलों नाहीं. पाण्याची जागा बुजविली, तरी पाणी आपली दुसरी जागा शोधतेंच. मग ती आपली ओसरीही असूं शकते. गाड्या रस्त्याकडील उंच जागेंत उभ्या राहतील. बावखलांतील गाळ उपसूं या आणि तो गाळ वाफ्यांना घालूं या.

पुढील महोत्सवास आपल्यांतील पुष्कळजण नसतील, मीही नसेन. त्या दिवशीं जमलेल्या मुलांना चाफ्याची सावली आणि विहिरीचें गोड पाणी मिळावें, एवढी तजवीज आज आपल्या हातीं आहे. ती आपण करूं या.