फ्लॅश घेताना नाव बघायचं की काम?

तुळशीची लग्नं लागली की आपल्याकडे लग्नसराई सुरू होते. सातारा-सांगली भागात बचत गटातल्या काही जणी आता बारसं, डोहाळजेवण, लग्नाच्या फोटोंच्या ऑर्डरी घेतात. कॅमेरा आला की त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "ताई, फ्लॅश कॅमेऱ्याच्याच कंपनीचा घेऊ की दुसऱ्या?"

आधी एक गैरसमज दूर करू. दुसऱ्या कंपनीचा म्हणजे डुप्लिकेट नव्हे. गोडॉक्स ही चीनमधली कंपनी १९९३ पासून स्वतःच्या नावानं माल विकते. कॅननचं खोटं नाव लावलेला फ्लॅश मात्र डुप्लिकेट. तो घेऊ नका.

आता काय तपासायचं ते सांगते. फ्लॅश आपल्या कॅमेऱ्यासाठीच बनवलेला हवा. कॅननचा फ्लॅश निकॉनवर नीट चालत नाही. टीटीएल सोय असेल, तर किती उजेड टाकायचा ते कॅमेरा आणि फ्लॅश मिळून ठरवतात. लग्नात पळापळ असते, तिथं ही सोय हवीच. गोडॉक्सच्या टीटी६०० मध्ये ती नाही, उजेड हातानं कमीजास्त करावा लागतो. पापड-मसाल्याच्या पाकिटांचे फोटो काढायला तेवढा पुरतो.

खोक्यावरच्या आकड्याला भुलू नका. निकॉनच्या एसबी-७०० चा गाइड नंबर २८, टीटी६०० चा ६०. म्हणून दुसरा दुप्पट ताकदीचा होत नाही. पहिला आकडा ३५ मिलिमीटरला मोजलेला, दुसरा २०० ला. विजेरीचा झोत बारीक केला की तो लांब जातो, तसंच हे. दोन्ही आकडे एकाच मापाचे असतील तरच तुलना करा.

फार जुना फ्लॅश स्वस्तात मिळाला तरी थेट कॅमेऱ्यावर लावू नका. काही जुन्या फ्लॅशच्या पायाशी २०० व्होल्टच्या वर दाब असतो, त्यानं डिजिटल कॅमेरा जळू शकतो.

मग घ्यायचा कोणता? मूळ कंपनीच्या एका फ्लॅशच्या पैशात दुसऱ्या कंपनीचे बहुधा दोन येतात. नव्यानं धंद्यात उतरणारीला मी दोन घ्यायला सांगते. अंतरपाट एकदाच दूर होतो. त्या क्षणी फ्लॅश बंद पडला, तर फोटो परत मिळत नाही आणि गावात नाव जातं ते वेगळंच. कर्जाचा हप्ता मात्र चुकत नाही. कामाचा जम बसला, दुरुस्ती केंद्र जवळ असलं, तर मूळ कंपनीचा खुशाल घ्या.

दुकानात आपला कॅमेरा घेऊन जा. थोड्या थोड्या अंतरानं वीस-पंचवीस फोटो काढून बघा. पक्कं बिल आणि वॉरंटी कार्ड मागा, आणि बिलाची एक प्रत गटाच्या फाइलला लावा.

लग्नसराई तुम्हाला भरभराटीची जावो.