मागच्याची घाई, पुढच्याचा जीव

 

दर वेळी आपण बचत, कर्जाचा हप्ता, शेळीपालन असं बोलतो. आज रस्त्याबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, गाड्या चालवतात माणसं, आपल्याला त्याचं काय? पण बायांनो, बँकेत जायचं तर रस्ता, बाजाराला जायचं तर रस्ता, माहेरी जायचं तर रस्ता. आणि आपल्या बल्लारपूरच्या रस्त्यांवर आपण एकट्या नसतो. कोळशाचे टिप्पर, लाकडाचे ट्रक, सिमेंटच्या गाड्या, भरलेले हायवा, सगळे याच रस्त्यानं जातात.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगतो. कोठारीकडची बैठक आटोपून आम्ही सहाजणी काळी-पिवळीनं बल्लारपूरला येत होतो. दिवस मावळायला आला होता. पुढे एक भरलेला हायवा हळूहळू चालला होता. आमचा ड्रायव्हर त्याच्या इतका मागे चिकटला, की फाळक्यावरच्या चिखलाशिवाय आम्हाला पुढचं काहीच दिसत नव्हतं. हॉर्न सारखा चालू. थोडं उजवीकडे काढून बघायचा, पुन्हा आत यायचा. तेवढ्यात हायवानं उजवीकडचा इंडिकेटर दिला. आमच्या ड्रायव्हरला वाटलं, साईड दिली, ये म्हणतो. त्यानं गाडी काढली. हायवा मात्र खरंच उजवीकडच्या कच्च्या रस्त्याला वळत होता. समोरून एक मोटारसायकल आली. नवरा, बायको, मध्ये लेकरू. आमच्या ड्रायव्हरनं ब्रेक दाबला. त्या माणसानं मोटारसायकल रस्त्याखाली मुरमावर घातली आणि तिघंही घसरून पडले.

देवाची कृपा, जीव वाचले. त्या बाईचा हात मोडला. लेकराला खरचटलं. आम्ही खाली उतरून तिला उठवलं, तेव्हा ती एकच विचारत होती, "एवढी कशाची घाई होती हो तुम्हाला?"

आमच्यातल्या कोणाला उत्तर देता आलं नाही. कारण पाच मिनिटं आधी आमच्यापैकीच एकीनं म्हटलं होतं, "दादा, लवकर चल, घरी भाकरी टाकायच्या आहेत." आणि बाकीच्या पाचजणी हसल्या होत्या. चूक ड्रायव्हरची होतीच. पण घाई आमची होती.

पुढच्या बैठकीत आम्ही हाच विषय घेतला. एका ताईचे मालक ट्रक चालवतात. ती म्हणाली, "त्यांना खेपेवर पैसे मिळतात. एक खेप कमी झाली, की त्या दिवशीची मजुरी कमी. रस्त्यात ते कोणाच्या मागे थांबत नाहीत, मग घरी आले की मीच विचारते, आज किती खेपा झाल्या?" तिचं बोलणं ऐकून बैठक शांत झाली. दुसरी म्हणाली, "आमच्या पोराला कोणी ओव्हरटेक केला, की तो जणू अपमानच झाला. त्याला पुन्हा मागे टाकल्याशिवाय तो राहत नाही." बघा, रस्ता म्हणजे काही शंकरपट नाही. पण किती घरांत असं चालतं!

आता थोडा हिशोब करू. आपण हप्त्याचा करतो, तसाच हा सेकंदांचा.

साठच्या वेगानं चालणारी गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते. समोर काही दिसलं, मनाला कळलं आणि पाय ब्रेकवर गेला, यातच एक सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच गाडी १७ मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर थांबायला आणखी अंतर लागतं, आणि रस्ता ओला असेल तर ते फार वाढतं. आपलं तर जंगल. कधी चितळ आडवं येतं, कधी डुक्कर, कधी गावातली गुरं. पुढच्यानं एकदम ब्रेक दाबला, तर मागे चिकटलेल्याला थांबायला जागाच उरत नाही.

मग किती अंतर ठेवायचं? सोपी युक्ती आहे. पुढची गाडी एखाद्या झाडाजवळून किंवा खांबाजवळून गेली, की मोजायला लागा: एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन. तीन मोजून होण्याच्या आत आपली गाडी त्या झाडापाशी पोहोचली, तर आपण फार जवळ आहोत. पाऊस असेल, धुकं असेल, रात्र असेल, तर आणखी मोजा. मागे बसलेल्या बाईलाही हे मनातल्या मनात मोजता येतं.

ओव्हरटेकचा हिशोब ऐका. पुढे हायवा चाळीसच्या वेगानं आहे आणि आपली जीप साठनं. हायवाच्या मागून निघून, त्याला मागे टाकून, पुन्हा आपल्या बाजूला नीट यायला साधारण सात सेकंद लागतात. सात सेकंदांत जीप जवळपास ११७ मीटर जाते. समोरची गाडीही साठनं येत असेल, तर तीही तेवढीच आपल्याकडे येते. म्हणजे जवळजवळ पाव किलोमीटर रस्ता मोकळा दिसला पाहिजे. जंगलातल्या वळणावर पाव किलोमीटर दिसतो का? आणि गंमत बघा, जो मागे चिकटतो त्याला सगळ्यात कमी दिसतं. जरा मागे राहिलं, तर समोरचा रस्ता नीट दिसतो.

समोरासमोर धडक काय असते, ते आपल्या जिल्ह्याला सांगायला नको. मे २०२२ मध्ये चंद्रपूर-मूल रस्त्यावर अजयपूरजवळ डिझेलचा टँकर आणि लाकडाचा ट्रक यांची धडक होऊन आग लागली. नऊ जणांचा जीव गेला. अशा धडकेत चूक सुधारायला वेळ मिळत नाही.

इंडिकेटरची गोष्टही लक्षात ठेवा. पुढच्या ट्रकनं उजवीकडचा इंडिकेटर दिला, तर तो "ये" म्हणतो की "मी वळतो" म्हणतो, हे मागच्याला कळत नाही. आमची चूक तिथंच झाली. समोरून येणाऱ्यानं डिपर मारला, तरी तो "थांब, मी येतोय" असं सांगत असतो. दुसऱ्याच्या इशाऱ्यावर आपला जीव सोडू नये. स्वतःला रस्ता दिसला तरच निघावं. ट्रकच्या मागे "हॉर्न ओके प्लीज" लिहायची पद्धत होती. त्यामुळे लोक उगाच हॉर्न वाजवतात म्हणून आपल्या राज्यात २०१५ मध्ये तसं लिहायला बंदी झाली. हॉर्ननं रस्ता रुंद होत नाही, हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे.

कायदाही माहीत असू द्या. नियम मोडून धोकादायक ओव्हरटेक केला, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ प्रमाणे पहिल्याच वेळी एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणजे एका ओव्हरटेकनं घरातली बचत जाऊ शकते.

स्कूटीवर जाणाऱ्या पोरींनो, मागून मोठी गाडी चिकटली, तर घाबरून वेग वाढवू नका. एकदम ब्रेकही दाबू नका. डावीकडचा इंडिकेटर द्या, हळूहळू कडेला घ्या, जाऊ द्या त्याला. त्यात कमीपणा नाही. आणि मोठ्या गाडीच्या आरशात तुम्हाला ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल, तर समजा त्यालाही तुम्ही दिसत नाही.

कुठं अपघात दिसला, तर बघ्यांत उभ्या राहू नका. १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा, ११२ ला पोलिसांना कळवा. मदत करणाऱ्याला स्वतःचं नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही, कायद्यानंच तसं संरक्षण दिलं आहे. २०२५ पासून अपघातातल्या जखमीला ठरलेल्या दवाखान्यात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत रोकड न भरता उपचार मिळण्याची योजना आहे. म्हणून पैशाच्या विचारात वेळ घालवू नका.

आता आम्ही काय ठरवलं, ते सांगतो. एक, आमची बैठक आता अर्धा तास आधी संपते, म्हणजे परत जाताना घाई उरत नाही. दोन, काळी-पिवळीत किंवा ऑटोत "लवकर चल" म्हणायचं नाही. ड्रायव्हर चिकटला, तर त्याच्याजवळ बसलेली बाई म्हणेल, "दादा, जरा मागे राहा, आम्हाला उशीर चालतो." एकटीला बोलायला भीती वाटली, तर सगळ्यांनी मिळून बोलायचं. तीन, घरी ड्रायव्हर असेल, तर आल्या आल्या खेपा विचारायच्या नाहीत. आधी पाणी द्यायचं आणि विचारायचं, "नीट आलात ना?"

आम्ही त्या बाईला भेटायला गेलो होतो. तिचा हात आता बरा आहे, पण दोन महिने तिचं कापूस वेचणं गेलं. आम्ही गटातून थोडी मदत केली. तिनं चहा पाजला आणि म्हणाली, "घाई नाही ना आज?" आम्ही सगळ्या हसलो, आणि निवांत बसलो.

तुमच्या गटात हा विषय काढा, बोला. पुन्हा भेटू. तोवर सावकाश जा, सुखरूप या. नमस्कार.