स्पार्टाचा भाला आणि हेलटाचा नांगर
(व्याख्यान)



ग्रीस देशांतील स्पार्टा नगराचें नांव शौर्याबद्दल जगभर गाजलें आहे. इ. स. पू. ४८० सालीं थर्मापिलीच्या खिंडींत लिओनिडास राजा व त्याचे ३०० वीर इराणी फौजेशीं लढतां लढतां पडले. त्या शौर्यास आम्ही उणें म्हणत नाहीं. पण आम्ही पडलों कुणब्या-कारागिरांच्या घरचे. आम्हांस पहिला प्रश्न हा सुचतो कीं, या वीरांचें धान्य पिकवीत कोण होतें, आणि त्यांचे भाले घडवीत कोण होतें?

स्पार्टन नागरिक जन्मास येई तो लढण्यासाठींच. मुलगा सात वर्षांचा झाला कीं त्यास घरून काढून सरकारी शिक्षणांत घालीत. तेथें अनवाणी चालावें, वर्षास एकच वस्त्र वापरावें, अपुरें पडलें तर अन्न चोरावें, आणि सांपडल्यास फटके खावे! मोठेपणीं जेवणही पंगतींत. दरमहा जव, द्राक्षाची दारू, चीज व अंजीर यांचा ठराविक वांटा द्यावयाचा. न देववला तर नागरिकत्व गेलें. मात्र हातोडा उचलणें त्यास मना होतें, आणि नांगर धरणें कमीपणाचें होतें.

मग काम कोणी केलें? कारागिरी व व्यापार आसपासच्या गांवचे पेरिऑइकी करीत. ते गुलाम नव्हते. लढाईस त्यांनी जावें, पण स्पार्टाच्या सभेंत त्यांस मत नव्हतें. शेतीचा सारा भार हेलटांवर. स्पार्टानें शेजारचा मेसेनिया प्रांत जिंकला, आणि तेथील शेतकरी आपल्याच शेतांत दास झाले. निम्में पीक धन्याच्या घरीं जाई, हें टिर्टिअस या स्पार्टाच्याच कवीनें सांगून ठेविलें आहे.

हिरॉडोटस लिहितो कीं, इ. स. पू. ४७९ सालीं प्लाटियाच्या लढाईस ५,००० स्पार्टन गेले, तेव्हां त्यांजबरोबर ३५,००० हेलट होते. एकामागें सात! धन्यास भीति वाटूं लागली ती येथेंच. इफोर नांवाचे पांच अधिकारी दरसाल हेलटांविरुद्ध युद्ध पुकारीत, म्हणजे त्यांस मारल्याचें पाप लागूं नये. तरुण पोरें खंजीर घेऊन रात्रीं धष्टपुष्ट हेलटांस ठार करीत. थुसिडिडीज सांगतो, एकदां युद्धांत पराक्रम केलेल्या सुमारें २,००० हेलटांस मुक्ततेच्या मिषानें निवडलें, हार घालून देवळांभोंवतीं मिरविलें, आणि पुढें ते नाहींसे झाले.

तरी हेलट मेल्या मनाचे नव्हते. इ. स. पू. ४६४ च्या सुमारास मोठा भूकंप झाला. ती संधि साधून ते उठले आणि इथोमी डोंगरावर वर्षानुवर्षें झुंजले. शेवटीं इ. स. पू. ३७१ सालीं ल्युक्ट्रा येथें थीब्सच्या एपामिनोंडासनें स्पार्टाचा मोड केला, आणि ३६९ सालीं मेसेनिया स्वतंत्र झाला. जमीन गेली, तशी स्पार्टाची मिजासही गेली. नागरिकांची संख्या तर आधींच घटत आली होती. ती हजारावरही राहिली नाहीं, असें अॅरिस्टॉटल लिहितो.

बंधूंनो, थर्मापिलीस हेलटही मेले. हिरॉडोटसनें त्या तीनशें वीरांचीं नांवें विचारून घेतलीं होतीं. हेलटाचें एकही नांव त्यानें लिहिलें नाहीं. म्हणून आमचें सांगणें इतकेंच कीं, कोणत्याही राज्याच्या शौर्याची कथा ऐकाल तेव्हां एवढें अवश्य विचारा: त्या वीरांची भाकरी कोणाच्या शेतांतून आली, आणि त्या शेतकऱ्याच्या घरीं काय उरलें?