वाचनालयाचे सभासद व्हा, वाटेकरीही व्हा



वाचनालयाची सभासदनोंदणी सुरू झाली की एक प्रश्न हमखास पुढे येतो. “वर्गणी भरायची ती भरू, पण याहून अधिक आमच्यासारख्यांनी द्यायचे तरी काय?” एस.टी.चा वाहक हाच प्रश्न विचारतो, घरी शिवणयंत्र चालविणारी गृहिणी हाच विचारते, नुकताच दहावी झालेला मुलगाही हाच विचारतो. त्यात विनय आहे हे खरे. परंतु त्या विनयाच्या बुडाशी एक जुनी समजूत दडून बसलेली असते. ज्ञान जाणत्यांनी वाटावयाचे आणि बाकीच्यांनी ओंजळ पुढे करावयाची, अशी ती समजूत आहे. या समजुतीला उत्तर केरळातील कन्नूर भागातल्या विडी कामगारांनी स्वातंत्र्यापूर्वीच उत्तर देऊन ठेवलेले आहे आणि ते आजही मुळातून पाहण्यासारखे आहे.

विड्या वळण्याचे काम बैठे. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कात्रीने कापलेली पाने. पान घ्यावे, तंबाखू भरावी, वळावे, तोंड दुमडावे आणि दोऱ्याने बांधावे. दिवसभर बोटे गुंतलेली, मात्र यंत्राचा खडखडाट नसल्याने कान मोकळे आणि डोकेही मोकळे. या मोकळ्या कानांचा उपयोग कन्नूरच्या कामगारांनी करून घेतला. एका शेडमधील कामगार आपल्यापैकीच एकाला वाचक म्हणून निवडीत. सकाळच्या पाळीत तो वर्तमानपत्रे मोठ्याने वाचून दाखवी आणि दुपारी एखादी कादंबरी किंवा अन्य पुस्तक हाती घेई. वाचन थांबले की वाद सुरू होई.

आता मजुरी तर विड्यांच्या संख्येवर मिळणार. मग वाचणाऱ्याच्या पोटाचे काय? त्याची वाट कामगारांनीच काढली. ज्या वेळात तो वाचीत असे, त्या वेळातल्या त्याच्या विड्या इतरांनी वळून द्यावयाच्या. समजा, शेडमध्ये चाळीस जण आहेत आणि वाचकाच्या एक हजार विड्या भरून काढावयाच्या आहेत, तर प्रत्येकाच्या वाट्याला पंचवीस विड्या आल्या. ज्याला अक्षरओळख नाही तोही या पंचवीस विड्या देऊ शकतो, आणि त्या दिल्या म्हणजे वाचन त्याच्याही मालकीचे होते. मग “आज हेच का वाचले, ते का वगळले?” असे वाचकाला विचारण्याचा अधिकार त्याला आपोआप प्राप्त होतो. फुकट मिळालेल्या ज्ञानापुढे माणूस मान डोलावतो. ज्यासाठी पंचवीस विड्या मोजल्या त्याच्याशी तो भांडतो. वाचनालयाला अशा भांडणाऱ्या सभासदांची फार गरज असते.

(ही प्रथा केवळ केरळची नव्हे. क्यूबात हवाना शहरातील चिरूटांच्या कारखान्यांत १८६५ मध्ये असेच वाचन सुरू झाले. वाचणाऱ्याचा मेहनताना कामगार स्वतःच्या पैशातून देत आणि काय वाचावे हेही तेच ठरवीत. दुसऱ्याच वर्षी स्पॅनिश वसाहती सत्तेने त्यावर बंदी घातली. कामगारांनी एकत्र बसून ऐकणे किती धोक्याचे असते, हे सत्ताधाऱ्यांच्या चटकन ध्यानात येते!)

कन्नूरच्या वाचनाची कसोटी १९६८ मध्ये लागली. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याची अंमलबजावणी केरळात होऊ लागताच मंगळूरच्या मोठ्या कारखानदारांनी आपला तेथील धंदा गुंडाळला आणि हजारो कामगार एका फटक्यात बेकार झाले. पुढच्याच वर्षी, १९६९ मध्ये, केरळ दिनेश विडी ही कामगारांची सहकारी संस्था उभी राहिली आणि भरभराटीच्या काळात तिची कामगारसंख्या चाळीस हजारांच्या घरात गेली. हा सारा वाचनाचाच प्रताप, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. कामगार संघटना होती, कायदा होता, राज्य सरकारचे आर्थिक पाठबळ होते. परंतु संस्थेचा हिशेब समजून घेणे, सभेत उभे राहून प्रश्न विचारणे, आपल्या मताविरुद्ध झालेला ठरावही पाळणे, या सवयी काही एका रात्रीत लागत नाहीत. त्या सुपांच्या रांगेत बसून, वर्षानुवर्षे ऐकता-वादता लागलेल्या होत्या.

त्याच केरळात ग्रंथालय चळवळही अशाच वाटणीतून वाढली. १९४५ मध्ये अंबलप्पुळा येथे त्रावणकोर संस्थानातील ४७ ग्रंथालयांचे प्रतिनिधी एकत्र आले आणि त्यांचा संघ स्थापन झाला. त्यामागे पी. एन. पणिक्कर या शिक्षकाची धडपड होती. पुढे १९८९ च्या कायद्याने राज्याच्या शिक्षणविषयक तरतुदीपैकी किमान एक टक्का रक्कम ग्रंथालयांना देण्याची व्यवस्था झाली आणि इमारत करावर ग्रंथालय उपकरही आला. महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा त्याहून जुना, १९६७ चा. मात्र त्यात असा उपकर नाही. म्हणजे येथील गावोगावच्या वाचनालयांचा भार सरकारी अनुदानानंतर सभासदांच्याच खांद्यावर पडतो. उपकराची मागणी अवश्य करावी. ती मान्य होईपर्यंत कपाटांना कुलूप घालून बसता येणार नाही, एवढेच.

महाराष्ट्रातील विडी कामगारांची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि खरी अडचण तेथेच आहे. सोलापुरात हे काम प्रामुख्याने स्त्रियांच्या हाती आहे आणि त्या ते आपापल्या घरी बसून करतात. शेड नाही, रांग नाही. पाने व तंबाखू घरी न्यावयाची आणि वळलेल्या विड्या कारखान्यात पोचवावयाच्या. एकटीने वळणाऱ्या स्त्रीला कोण वाचून दाखविणार, आणि तिच्या पंचवीस विड्या कोण मागणार? केरळात महिला कार्यकर्त्या पुस्तके घेऊन घरोघर जातात, तो एक मार्ग आहे. दुसरा मार्ग सोलापूरकरांच्या अंगणातच आहे. कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांनी दीर्घ लढा देऊन दहा हजार घरांची वसाहत मिळविली. तिला गोदावरी परुळेकर यांचे नाव आहे. जेथे दारे इतकी जवळजवळ आहेत तेथे आठ-दहा जणींना दुपारी एका ओट्यावर सुपे घेऊन बसणे अशक्य नाही. त्यांच्यापैकी अनेकींची घरची भाषा तेलुगू आहे. तेव्हा तेलुगू वर्तमानपत्रही हवे, आणि ते वाचणारी बहुधा त्यांच्याच घरातली शाळकरी मुलगी असेल. अशा एका ओट्याची जबाबदारी घेणारा सभासद वाचनालयाला हवा आहे.

नोंदणीचा अर्ज साधा आहे. नाव, पत्ता व वर्गणी यांच्याखाली एक ओळ मोकळी ठेवलेली आहे: आठवड्यातील कोणता एक तास देऊ शकाल? कुणी त्या तासात पुस्तकांना पुठ्ठे घालील, कुणी आजारी वाचकाच्या घरी पुस्तक पोचवील, कुणी मुलांना गोळा करून वर्तमानपत्र वाचील, आणि ज्याला वाचता येत नाही तो सतरंजी अंथरून चार शेजारी बोलावून आणील. ती ओळ कोरी ठेवून अर्ज परत करू नका.